तीनशे साठवरची भिंत

मामांच्या हॉलमध्ये खिडकीखालच्या भिंतीला ओल होती. दोनदा रंग दिला आणि दोन्ही वेळा तो पोपडे धरून खाली आला. मामींचे गुडघे आता तीन जिने मानत नव्हते. तळमजल्यावरचं एक घर त्यांच्यासाठी थोडे दिवस थांबायला तयार होतं, पण हे विकल्याशिवाय ते घेता येणार नव्हतं. आणि गिऱ्हाईक म्हणाल तर एकच, परगावच्या एक दंतवैद्य बाई. त्यांना दवाखाना सोडून यायला सवड नव्हती. घर थेट व्हिडिओवर दाखवा म्हणाल्या होत्या.

म्हणून भाचीला बोलावणं गेलं. ती भौतिकशास्त्र शिकलेली, म्हणजे मिक्सर बंद पडला तरी या घरातून तिलाच फोन जायचा.

"कपाट ओढून लावू का त्या भिंतीपुढे?" मामांनी विचारलं.

"आणि त्या म्हणाल्या, कपाट सरकवा, तर?" मामी खुर्चीतून म्हणाल्या. "मग तुम्ही उभे राहणार का तिथे, हातपाय पसरून?"

भाची मोबाइलमधल्या सेटिंगमध्ये मान घालून बसली होती. "साधा व्हिडिओ कॉल नकोच. त्यात दर्जा ॲपच परस्पर ठरवतं. लिंक पाठवून थेट प्रक्षेपण केलं की चित्राचा आकार आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती पाठवायची ते, दोन्ही आपल्या हातात. एक हजार ऐंशीवर पोपडा न् पोपडा दिसेल. तीनशे साठवर आणलं, बिटरेटही खाली ओढला, की व्हिडिओत जागाच कमी उरते. मग बारीकसारीक तपशील आधी गळतात."

"म्हणजे गिलावा न करता भिंत गुळगुळीत?"

"स्क्रीनवर."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मामा खूश होऊन म्हणाले.

"हे खोटं नाही का होत गं?" मामींनी विचारलं.

यावर भाचीनं आधीच विचार करून ठेवला होता. "नाही मामी. तीनशे साठ हा सगळीकडे चालणारा दर्जा आहे. आपण खोटं काही दाखवत नाही, खरं थोडं कमी दाखवतोय." हे वाक्य तिला इतकं आवडलं की मामांकडे बघत तिनं ते पुन्हा एकदा म्हटलं.

मग तिनं रीतसर प्रयोग केला. एकाच भिंतीच्या वेगवेगळ्या दर्जांच्या क्लिपा काढल्या, शेजारी शेजारी लावून पाहिल्या आणि पोपडे जिथे पुरते विरघळले तो आकडा पक्का केला. बाकीच्या भिंतींवर लपवण्यासारखं काही नव्हतंच, त्यामुळे त्या तपासायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

दुपारी प्रक्षेपण सुरू झालं. बोलणं दुसऱ्या फोनवर, स्पीकर लावून. हॉल निर्विघ्न पार पडला. "उजेड छान आहे," दंतवैद्य म्हणाल्या. मामांनी भाचीच्या पाठीवर हळूच थाप मारली, त्यासरशी स्क्रीनवरची खिडकी जरा हलली.

मग बेडरूम. गेल्याच महिन्यात रंगवलेली, घरातली सगळ्यात निरोगी खोली. पडदे अर्धे ओढलेले, भिंतीवर एका बाजूनं उजेड मंद मंद होत गेलेला.

"थांबा जरा. त्या भिंतीवर कसले डाग आहेत?"

मामांनी भिंतीकडे पाहिलं, जवळ जाऊन हात फिरवला. "कुठे काय?"

भाचीनं मात्र स्क्रीन पाहिली. सावलीची ती हळुवार उतरण कमी बिटरेटला पेलली नव्हती. गुळगुळीत भिंतीवर करड्या चौकटी आणि पट्टे उमटले होते, फोन हलला की तेही सरकत होते. परीक्षेत याच विषयावर तिनं पानभर उत्तर लिहिलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती.

"नेटचा दोष आहे हो," मामा म्हणाले.

"मग नेट सुधारा. मी थांबते."

दुसरा उपाय नव्हता. भाचीनं प्रक्षेपण बंद केलं, दर्जा एक हजार ऐंशीवर नेला आणि पुन्हा सुरू केलं. भिंत आरशासारखी स्वच्छ दिसू लागली.

"आता कसं लख्ख दिसतंय," दंतवैद्य म्हणाल्या. "तसाच हॉल परत दाखवा बरं."

मामांनी भाचीकडे पाहिलं. ती फोन घेऊन हॉलमध्ये आली. खिडकीखालचे पोपडे, त्यांच्यामागचे पांढरट क्षार, एक केसाएवढी भेग, सगळं इतकं स्पष्ट आलं की मामाही वाकून बघायला लागले.

"ही मघाशी गुळगुळीत होती," फोनमधून आवाज आला. "फार समजूतदार नेट आहे तुमचं."

"वरच्यांच्या न्हाणीघराचं पाणी मुरतं तिथे," मामी खुर्चीतूनच मोठ्यानं म्हणाल्या. "दोनदा रंगवलं, टिकलं नाही."

"ओलीचं काही नाही. पाइप बदलता येतो. पण ती बेडरूम. तिथे आधी डाग होते, आता नाहीत. मधल्या वेळात काय केलंत?"

"काहीच नाही," भाची म्हणाली. "तिथे डाग नव्हतेच. बिटरेट कमी असला की चित्राचे छोटे चौकोन पाडले जातात, प्रत्येक चौकोनातल्या छटा मोजक्याच आकड्यांत बसवल्या जातात, आणि सपाट भिंतीवर छटा हळूहळू बदलत असली की..." एकूण एक शब्द खरा होता.

"ब्रश न करणाऱ्या पेशंटकडे असंच लांबलचक आणि चोख कारण असतं," दंतवैद्य म्हणाल्या. "कळवते मी."

फोन ठेवल्यावर मामांनी बेडरूमचे पडदे पूर्ण उघडले. भाचीनं बेडरूमच्या भिंतीचा सर्वांत मोठ्या आकाराचा फोटो काढला, मापासाठी भिंतीला पट्टी टेकवून, आणि पाठवून दिला. मामी जिन्याच्या दिशेनं बघत बसल्या होत्या.

संध्याकाळी उत्तर आलं. मामांनी ते मोठ्यानं वाचलं. "फोटो फारच स्वच्छ आला आहे. मी दुसरीकडे बघते."