रुईमाळची मुक्कामी गाडी

लातूरला रेणापूर नाक्याजवळ हरिओम बिराजदारचं टाइल्सचं दुकान आहे. दुकानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला तो जुनी शहाबादी फरशी उखडायला लावतो. जुन्यात काय ठेवलंय, असं म्हणत गिऱ्हाइकाच्या आजोबांनी घासूनपुसून जपलेली फरशी तो आठवड्याभरात उकिरड्यावर पोचवतो. शनिवार आला की मात्र हाच माणूस दुकान बायकोवर सोपवतो आणि गळ्यात भलामोठा कॅमेरा अडकवून जुन्या एसट्यांच्या मागं हिंडतो. एखादी जुनी गाडी भंगारात निघणार असं कळलं की त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. पाणी खरं असतं, हे कबूल करू. दुसऱ्यानं रोज बसायच्या गाडीवर जीव लावायला आपलं काही जात नाही, एवढंच.

त्याचा फेसबुकवर एक ग्रुप होता, कुणालाही बघता-लिहिता येणारा. ग्रुपात पुण्याचे, ठाण्याचे आणि एक दुबईचा. कुठल्या गाडीची बॉडी कुठल्या कार्यशाळेत बांधली, कुठल्या साली खिडक्यांचा आकार बदलला, यावर तिथं भाऊबंदकीसारखी भांडणं चालायची. दुबईच्या सभासदानं देश सोडल्यापासून एसटीची पायरी चढलेली नव्हती, पण जुन्या गाडीचा गिअर पडताना होणारी खरखर ऐकली की त्याला आईची आठवण येते म्हणे. आईला फोन करतो का, हे कुणी विचारलं नव्हतं.

तर नांदेड जिल्ह्यातल्या एका आगारात जुन्या अ‍ॅल्युमिनियम बॉडीची एक गाडी उरली होती. आगाराचं नाव सांगत नाही. तिथले साहेब भले गृहस्थ आहेत, उगाच त्यांच्या डोक्याला ताप नको. ही गाडी रुईमाळ नावाच्या डोंगरातल्या गावाला मुक्कामी जायची. संध्याकाळी जाऊन रात्री तिथंच थांबायची आणि सकाळी माणसं घेऊन परत यायची. आता तिच्या जागी नवी गाडी येणार, असं ठरलं. हरिओमला हे कळलं आणि त्यानं मोहीमच उघडली. ‘शेवटची राणी वाचवा’ असं तिचं नाव. ग्रुपनं सगळीकडं एवढे मेसेज पाठवले की वरून आगारात विचारणा झाली.

त्या शनिवारी हरिओम आपल्या पांढऱ्या कारनं आगारात पोचला. साहेबांनी चहा पाजला आणि सरळ सांगितलं की रुईमाळला नवी गाडी आजपासूनच द्यायची होती. जुनी गाडी तपासणीत पास आहे, अजून वर्षभर चालेल. तुमच्या लोकांचा एवढा आग्रह असेल तर तीच ठेवतो आणि नवी यादीतल्या पुढच्या गावाला देतो. हरिओमनं तिथल्या तिथं होकार दिला. साहेबांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. धुऊनपुसून नवी गाडी उभी होती. ते म्हणाले, चार वाजेपर्यंत ती इथंच आहे, मन बदललं तर एक फोन करा. हरिओमला ही सूचना जरा अपमानाची वाटली. राणीच्या बाबतीत त्याचं मन कसं बदलेल?

तीनच्या सुमाराला गाडी फलाटाला लागली. हरिओमनं पुढून, मागून आणि गुडघ्यावर बसून फोटो काढले. खिडकीतून डोकावणाऱ्या म्हाताऱ्यांना डोकी आत घ्यायला लावली, कारण डोक्यांमुळं खिडक्यांची रांग बिघडत होती. मग तो आत चढला. त्याची कार घेऊन दुकानातला नरसिंग मागून येणार होता. मुक्कामी गाडी रात्री गावातच राहते, आणि एसटीवर जीव असला तरी रात्र रुईमाळला काढायची हरिओमची तयारी नव्हती.

कॅमेरा बघून गाडीत एकदम जागा झाली. पेपरवाले साहेब आलेत, असं एकानं म्हटलं आणि सगळ्यांनी ते धरलं. कंडक्टर नागसेन यानं पुढच्या सीटवरची पोती हलवून त्याला खिडकी दिली. आपण पेपरवाले नाही, हे सांगायला हरिओमनं तोंड उघडलं होतं, पण खिडकी मिळाल्यावर मिटलं.

शेजारी भामाबाई बसली होती. पन्नाशीची, उन्हात काम करून रापलेली बाई. तिच्या पलीकडं तिची लेक ज्ञानेश्वरी, तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. भामाबाईच्या पिशवीत झेंडूचे हार, नारळ आणि ड्रायव्हर-कंडक्टरसाठी टॉवेल-टोप्या होत्या. हरिओमनं विचारलं, कार्यक्रम काय आहे? आणि सगळी गाडीच बोलायला लागली. आज या गाडीची शेवटची खेप. हिच्या मागून पाच वाजता नवी गाडी रुईमाळला येणार, मग ही रिकामी परत जाणार. बँड सांगितलाय. गावातल्या बायका दोन वर्षं साहेबांच्या दारात बसत होत्या, तेव्हा कुठं हा दिवस आला.

हरिओमनं काय बोलावं? तो म्हणाला, जुन्या गाडीची मजा नव्या गाडीत नाही येणार. मागच्या सीटवरच्या अण्णारावांनी, म्हणजे गावातल्या वडीलधाऱ्या माणसानं, ही मजा कशी असते ते दाखवायला गोणपाट उचललं. खाली नुसता पत्रा होता. पावसात लोक गाडीत छत्र्या उघडून बसतात, असंही कुणी तरी सांगितलं. हरिओमच्या मनात आलं की तो फोटो काय झकास होईल. पाऊस मात्र नव्हता, म्हणून तो थोडा हिरमुसला.

भामाबाई हसत नव्हती. तिचं या गाडीशी वेगळं भांडण होतं. चढाला गाडी दमते, दोनदा थांबून पाणी प्यायल्याशिवाय घाट चढत नाही. संध्याकाळची खेप रुईमाळला पोचेस्तोवर अंधार पडतो. आज शनिवार, कॉलेज अर्धं, म्हणून ही खेप लवकरची; एरवी ज्ञानेश्वरी रोज अंधारात उतरते आणि घरी रोज तोच वाद.

“पोरीचा बाप म्हनला, दिवे लागल्यावर घरात येती, आता बास झालं कॉलेज,” भामाबाई म्हणाली. “म्या म्हनलं, नवी गाडी येऊ द्या. ती येळंवर आली तर पोर शिकंल. गाडीच आली न्हाई तर तुमी म्हनाल तसं. माझी जबान हाय.”

ज्ञानेश्वरी पलीकडच्या खिडकीबाहेर बघत होती. तिला हे पेपरवाल्यासमोर सांगितलेलं आवडलं नसावं. हरिओमनं मान हलवली आणि घड्याळ बघितलं. चारला अजून अवकाश होता, फोनला रेंजही होती. आता त्याच्या डोक्यात काय चाललं ते सांगायला हवं, कारण माणूस काही राक्षस नव्हता. त्याला वाटलं, करावा फोन. मग वाटलं, ग्रुपला काय सांगायचं? मोहीम जिंकली म्हणून सकाळीच जाहीर करून बसलो आहोत, दुबईवाल्यानं तर पेढ्यांचा फोटोही टाकला. आणि एका पोरीच्या कॉलेजसाठी अख्खा वारसा मोडीत काढायचा? शिकायचं असेल तर ती कशीही शिकेल. दुसऱ्याच्या लेकराच्या जिद्दीवर त्याचा एकाएकी फार विश्वास बसला.

घाटातलं मोठं वळण आलं. मागं बालाघाटाची रांग, खाली तळं, आणि उजेड असा की फोटोवाल्याला भूल पडावी. हरिओमनं नागसेनला गाडी थांबवायला सांगितली. तशीही ती पाण्यासाठी थांबणारच होती. पेपरात येणार म्हटल्यावर माणसं आनंदानं उतरली. चौकटीत माणूस नको म्हणून हरिओमनं सगळ्यांना रस्त्याकडेच्या बाभळीखाली उभं केलं, आणि सावली पुरेना म्हणून भामाबाई हारांची पिशवी पोटाशी धरून उन्हात थांबली. गाडी एकदा पुढं घ्यायला लावली, एकदा मागं. बॉनेटवर हात ठेवून स्वतःचाही एक काढून घेतला. त्या गडबडीत चार वाजून गेले. त्याला ते कळलं नाही, असं म्हणायची सोय नाही. त्यानं घड्याळ बघितलं, आणि चार वाजलेले बघून त्याला हलकं वाटलं.

रुईमाळला पाराजवळ अख्खं गाव जमलेलं होतं. बायका नव्या साड्या नेसून, आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या. बँडवाल्यांनी जुन्या गाडीपुढं सुद्धा सराव म्हणून एक गाणं वाजवलं आणि हरिओमनं तेही टिपलं. जुनी गाडी, पुढं बँड, मागं हार घेऊन उभं गाव. खोटं काहीच नव्हतं, फक्त गाव दुसऱ्या गाडीची वाट बघत होतं.

पाच वाजून गेले. बँडवाले बसले, पोरं घाटाच्या रस्त्याकडं पळून परत आली. नरसिंग कार घेऊन पोचला तेव्हा लांबून धूळ बघून बायकांनी ताटातले दिवे लावले आणि कार बघून विझवले. मग नागसेनला फोन आला. तो बाजूला जाऊन बोलला आणि परत येऊन पायरीवर उभा राहिला.

“नवी गाडी दुसऱ्या गावाला गेली,” तो म्हणाला. “ही हितंच ऱ्हाणार हाय. लातूरकडच्या गाडीप्रेमी लोकांनी वर लई जोर लावला म्हने.”

गाडीप्रेमी म्हणजे काय, हे अण्णारावांनी विचारलं. नागसेनला ते सांगता येईना. जुनी गाडी आवडणारी माणसं असतात, असं तो म्हणाला. ती माणसं या गाडीनं येतात-जातात का, हा अण्णारावांचा पुढचा प्रश्न होता. हरिओमकडं कुणी बघितलंही नाही. तो पेपरवाला होता, त्याच्यावर गावाचा भरवसा होता.

ज्ञानेश्वरीचा बाप पाराला टेकून उभा होता. तो ओरडला नाही, रागावला नाही. लेकीजवळ आला, तिच्या हातातली दप्तराची पिशवी घेतली आणि म्हणाला, “चल. सोमवारपासून न्हाई जायचं.” मग बायकोकडं बघून एवढंच म्हणाला की जबान तुझीच होती. ज्ञानेश्वरी आईकडं बघत राहिली. भामाबाईला लेकीकडं बघवेना. ती वळली आणि सरळ हरिओमसमोर येऊन उभी राहिली.

“साहेब, माझा फोटू काढा,” ती म्हणाली. “या गाडीम्होरं काढा. ज्यानं ही गाडी आमच्या गळ्यात मारली, त्याला माझं तोंड दिसू द्या. नीट काढा.”

ती गाडीपुढं गेली आणि हातात हार तसाच धरून रडली. पदर तोंडाला लावला नाही. फोटो चांगला यावा म्हणून लावला नाही. त्या क्षणी तो म्हणू शकला असता की मावशी, तो मीच. त्याऐवजी त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, कारण कॅमेरा लावला की डोळ्याला डोळा भिडत नाही. उतरतं ऊन तिच्या गालावर पडलं होतं. असा फोटो त्याला आयुष्यात मिळाला नव्हता, आणि ते त्याला तिथंच कळलं.

पेपरात कवा येईल, असं तिनं विचारलं. लवकरच, असं सांगून तो कारमध्ये बसला.

घाट उतरताना त्यानं फोटो मोबाइलवर घेतला आणि खाली लिहिलं, ‘ही बाई माझ्यामुळं रडते आहे.’ ते वाक्य त्यानं दोनदा वाचलं. घाट संपेपर्यंत ते तसंच ठेवलं. सपाटीला रेंज चांगली मिळाली तेव्हा पुसलं आणि नवं लिहिलं, ‘आपली राणी वाचली हे कळताच रुईमाळच्या या माउलीला अश्रू आवरेनात. याला म्हणतात एसटीवरचं प्रेम.’

पुण्याहून, ठाण्याहून हात जोडलेली चित्रं आली. एकानं लिहिलं की खेड्यातल्या माणसाची माया शहराला कळायची नाही. मग गाडीप्रेमी लोकांना शोधत तिथवर पोचलेल्या, ग्रुपात नसलेल्या कुणाचा तरी मेसेज खाली उमटला. ‘ही माझी आई आहे. ती प्रेमानं रडत नाही. का रडते ते तिला कुणीतरी विचारा.’ पाठवणाऱ्याचं नाव होतं ज्ञानेश्वरी.

हरिओमनं एसी वाढवायला सांगितला. मेसेज आणखी कुणाच्या नजरेला पडायच्या आत पुसला आणि तिला पुन्हा लिहिता येऊ नये अशी व्यवस्थाही केली. तेवढ्यात दुबईवाल्यानं विचारलं की आता पुढची कुठली वाचवायची? माहूरकडं एक शिल्लक आहे म्हणतात, असं हरिओमनं लिहिलं आणि नरसिंगला गाडी जरा जोरात घ्यायला सांगितली.