बायजाबाईच्या घराला नंबर

ज्या झोपडीवर डांबराने नंबर पडेल तिला जागेचा पट्टा मिळेल आणि जिच्यावर पडणार नाही ती पडेल, असं सत्याहत्तर साली नंदनवनाजवळच्या एका वस्तीत कळलं. मोजणीच्या दिवशी बायजाबाई कामावर गेली नाही. ती रेजा, वीस वर्षं बंगल्यांना विटा वाहिलेली. तिने भिंती पांढऱ्या छुईमातीने पोतारल्या, अंगण सारवलं, भांडी घासून मांडली. पाहुणा येणार म्हटल्यावर आणखी काय करतात?

मोजणीला आलेले साहेब म्हणजे कृष्णकांत नावाचे कारकून. त्यांनी आत डोकावून छापील तक्ता काढला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, हे झोपडीत बसत नाही."

"काहून? आमी तं पाच जनं बसतो."

"तक्त्यात 'अस्वच्छता' असा रकाना आहे. तो कोरा ठेवला तर वरचे साहेब म्हणतील, मी घरी बसून फॉर्म भरतो. थोडी तरी घाण दाखवा. नाहीतर नंबर देता येणार नाही."

बायजाबाई ओशाळली. शेणाच्या गोवऱ्या झालेल्या, खरकटं बकरीने खाल्लेलं, कागद-डबे भंगारात गेलेले. तिने शेजारच्या शालिकराम रिक्षावाल्याला हाक मारली.

"तुयाकडे काही घाण हाय का गा?"

"माह्याकडे कुठून? बायको दोनदा झाडते. मी दारू पेतो म्हून लिवा म्हना साहेबाले."

"तू कुठं पेतं?"

"लिवाले काय जाते?"

पण दारूचा रकाना वेगळा निघाला. शेवटी शालिकराम दोन टोपल्या घेऊन नाल्यापलीकडच्या अफसरांच्या कॉलनीत गेला. तिथे प्रत्येक कंपाउंडमागे गुडघाभर माल पडला होता. एका बाईंनी गॅलरीतून हटकलं, तर म्हणाला, "सरकारी कामाले पायजे."

"मग सगळाच न्या," बाई म्हणाल्या. "उद्याही या."

टोपल्या सारवलेल्या अंगणात उपड्या झाल्या. बायजाबाईने तोंड फिरवलं. कृष्णकांतांनी पेन्सिलीने ढीग उकरला. केकचं खोकं, इंग्रजी मासिक, सफरचंदाच्या साली.

"बाई, तुम्ही सफरचंदं खाता?"

"नाही साहेब. आमची घाण अजून तेवढी सुधारली नाही."

साहेबांनी 'अस्वच्छता: भरपूर' असं लिहिलं आणि भिंतीवर डांबराने २१२ काढलं. दोनाचा ओघळ पांढऱ्या भिंतीवरून थेट खाली आला. साहेब पुढच्या दाराकडे वळले, तर बायजाबाई वाटेत उभी.

"तो ओघळ पुसा."

"अहो, नंबर मिळाला ना तुम्हाला?"

"मिळाला म्हूनच म्हनतो. आता इथंच राहाचं हाय आमाले."

साहेबांनी खिशातून आपला रुमाल काढला.