शास्त्रात नसलेली शेळी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि स्वभावाने जळकी आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे. माझ्यात महापुराआधी तारू बांधणाऱ्या नोहाच्या बायकोची गोष्ट आहे. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, त्या बाईचे नावसुद्धा दिलेले नाही. माझ्या लेखिकेने मात्र तिला तीनशे पाने बोलते केले. छापखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझे कव्हर निळेशार होते. आता ते चिकटपट्टीने जोडलेले आहे.

मला एका परिचारिकेने विकत घेतले. त्यांना निवृत्त होऊन कितीतरी वर्षे झाली, तरी सगळे त्यांना सिस्टरबाईच म्हणतात. वाचताना त्यांच्या हातात पेन्सिल असे. लेखिकेने पदरचे घातलेले काही मनाला पटले, की त्या समासात 'असेल' लिहायच्या. नाही पटले, की 'नाही'. देवाच्या तोंडी कुणी स्वतःची वाक्ये घातली, तर टोक मोडेपर्यंत रेघ ओढायच्या. माझ्या समासांत एकशे बारा 'असेल' आहेत. होय, मी मोजले आहेत.

तरीही मी सुखी नव्हते. शास्त्र त्यांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर, विणलेल्या रुमालावर ऐटीत बसायचे. मी खालच्या कप्प्यात, औषधांच्या डब्याला टेकून. त्यात एक दिवस नवी कादंबरी आली. एका राणीची, सोनेरी अक्षरांची. सिस्टरबाई चहा गार होईपर्यंत तिला वाचत बसल्या आणि माझ्या पोटात दुखू लागले.

पुढे त्यांच्या सुनेने घर आवरायला काढले. एका खणात सात कंगवे निघाले, दुसऱ्यात थर्मासची चार झाकणे. थर्मास एकही नाही!

"आई, वर्षभर हात लागला नाही ती वस्तू बाहेर. पुस्तकं चाळीसच ठेवायची," सून म्हणाली.

"आणि शास्त्र?"

"ते मोजायचं नाही हो."

बघा! त्याला मोजायचेसुद्धा नाही. आम्ही मात्र रांगेत उभे. तीनदा कपाट आवरले गेले आणि तिन्ही वेळा सिस्टरबाईंनी मला चाळिसांत धरले. राणी अजून कोरी करकरीत होती, तिचा नंबर पहिला.

मग तो रविवार आला. सिस्टरबाई संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवून घरी आल्या, त्या कपाळाला हात लावूनच.

"अगं, आज मी मुलांना शेळी सांगून आले!"

"कुठली शेळी?" सुनेने विचारले.

"लंगडी. तिला तारवात चढता येईना, म्हणून नोहाच्या बायकोने खांद्यावर घेतलेली. एका मुलीने विचारलं, हे कुठल्या अध्यायात? मी ठसक्यात सांगितलं, सहाव्या नाहीतर सातव्या. आता बघते तर कुठेच नाही!"

शेळी माझी होती. पान एकशे चाळीस. मित्रांनो, मी आनंदाने फुगले. माझे वाक्य त्यांनी शास्त्राचे म्हणून सांगितले होते! त्या दिवशी मी त्याच्या बरोबरीला बसले, असे मला वाटले.

तीन दिवस त्या दोन्ही पुस्तके मांडीवर घेऊन ताडून बघत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी मला देऊन टाकायच्या खोक्यात ठेवले.

"आई, ही तर तुमची आवडती!" सून म्हणाली.

"चूक हिची नाही गं, माझी आहे. पण माझ्या डोक्यात आता दोन्ही कालवलं गेलंय. शिकवणाऱ्या बाईला हे परवडत नाही."

राणी कपाटात राहिली. खोक्यात पडल्यापडल्या मी तिच्यावर इतकी जळले, की माझी चिकटपट्टी सुटायची बाकी होती. जिच्या समासात एकही 'असेल' नाही, ती घरात. आणि मी बाहेर!

पुढच्या रविवारी त्या खोके घेऊन वर्गात गेल्या. मुलांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "ती शेळी शास्त्रात नाही. मी चुकले. मला माफ करा."

"मग कुठे आहे?" त्याच मुलीने विचारले.

सिस्टरबाईंनी मला बाहेर काढले. "हिच्यात. पण ही रचलेली गोष्ट आहे, बरं का."

"शेळी वर पोचते ना पण?"

"पोचते."

"मग मला द्या."

सिस्टरबाईंनी मला लगेच सोडले नाही. पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिले, 'ही गोष्ट आहे. शास्त्र नाही. जपून वाच.' मगच मला तिच्या हातात दिले.

मित्रांनो, घर आवरताना आम्हाला जरूर देऊन टाका. कपाटात कोंडून ठेवण्यापेक्षा ते बरे. पण देताना आम्ही कोण आहोत ते सांगून द्या आणि आमची पाने दुमडू नका. गोष्टीला गोष्ट म्हणून जीव लावला, तरी तेवढे तिला पुरते.

माझे जळणे अजून गेलेले नाही. काल त्या मुलीने मला मिटून बाजूला ठेवले, स्टुलावर चढली आणि वरच्या फळीवरून तिच्या घरचे शास्त्र काढले. शेळी खरेच नाही का, ते तिला स्वतः बघायचे होते. सहावा अध्याय झाला, सातवा झाला, तरी ती वाचतच राहिली. मला फार हेवा वाटला. पण तिला त्या फळीपर्यंत मी पोचवले होते.