लेंगीचा नगारा

"हा नगारा लढाईतला नाई!" मोतीबाईनं काचेवर बोट ठोकलं. "हा मंजूच्या बापाचा हाये!"

संग्रहालयाचा रखवालदार धावत आला. मंजूनं आईचा हात धरला. काचेच्या आत दोन तलवारी, एक ढाल आणि मधोमध नगारा. खाली पाटी : 'रणनगारा. सरदारांच्या स्वारीत वाजवला जाई.' शेजारच्या दालनात सतार, सारंगी, चीन-जपानकडची वाद्यं मांडली होती. तिथं जागाही रिकामी होती.

गेल्या वर्षी इथले साहेब किन्हीराजाजवळच्या तांड्यावर आले होते. वाद्यांच्या दालनात ठेवू, वाजवणाऱ्याचं नाव लिहू, म्हणाले. मागाल तेव्हा परत देऊ, असा सहीचा कागदही दिला. ऊसतोडीला जाताना वारलेल्या नवऱ्याचा नगारा बंद घरात सोडायला मोतीबाईचा जीव होत नसे. म्हणून तिनं तो दिला.

साहेब आले. "आजी, लोक तलवारी पाहायला येतात. नगारा इथं उठून दिसतो."

"उठून दिसते म्हून खोटं लिवता? होळीले यावर आमी लेंगी गायलो. तांड्यातली लग्नं लागली. तीस वर्सं वाजवला त्याहीनं. कोनाची लढाई?"

"बरं, त्यांचं नाव सांगा. खाली बारीक अक्षरात टाकू."

मोतीबाई थबकली. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानातही ते मंजूच सांगायची.

"सोमला धनू राठोड!" दालनभर ऐकू गेलं. "अन् आता लिवू नका. नगारा काढा."

साहेब वरिष्ठांचं, परवानगीचं बोलू लागले. मंजूनं कागद पुढे धरला. तासाभरानं काच उघडली.

दुसऱ्या दिवशी तांड्यावर मोतीबाईनं नगारा उन्हात ठेवला. कातडं तापल्यावर टिपरी मारली. लाकडी फळीवर मारल्यासारखा आवाज आला. तिनं हात फिरवला. चकाकी यावी म्हणून कातड्यावर वॉर्निशचा जाड थर फासला होता.

"याडी, आता कसं?" मंजूनं विचारलं.

"सायबाले ठाऊक नव्हतं, तं इचारायचं होतं ना! तांडा काय दूर होता?"

थर कातड्यात मुरला होता; नगारा पुन्हा वाजायचा तर कातडं बदलावंच लागणार होतं. तिनं विळा आणला. सोमलानं स्वतःच्या हातानं चढवलेलं ते कातडं कडेकडेनं कापून काढलं आणि मांडीवर ठेवलं. उघड्या नगाऱ्यात ऊन तळापर्यंत उतरलं होतं.