डाव्या हाताची झीज

गल्लीत त्यांना सगळे चमचेवाले म्हणत. काटे, चमचे, सुऱ्या यांच्यावर चांदीचा मुलामा चढवायचा, हा त्यांचा धंदा. मोठ्या हॉटेलांचा माल पेट्यांनी यायचा, काळवंडलेला, वाकलेला, आणि लखलखीत होऊन परत जायचा. नावावरून थट्टा करणारे पुष्कळ होते, पण सगळ्यात चांगली थट्टा बायकोचीच असायची. ती म्हणायची, जन्मभर चमचे घासले, पण कोणाची चमचेगिरी काही जमली नाही या माणसाला, नाहीतर आज बंगल्यात राहिलो असतो.

ती जाऊन वर्ष होत आलं होतं. घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरात एक टेबल आणि दोन खुर्च्या. एका खुर्चीवर ते बसत, दुसरीवर हल्ली धुतलेले कपडे पडून असत. घड्या घालता येत नव्हत्या असं नाही. घालाव्याशा वाटत नव्हत्या.

तिचा एक चमचा होता. लग्न नवीन असताना हॉटेलाने मोडीत काढलेल्या मालातून त्यांनी तो उचलून आणला होता. हातात भरेल असा जड, लांब दांडीचा, एकटाच. त्याच्या जोडीचे बाकीचे कुठे गेले कोण जाणे. तिने तो जो हातात धरला तो कायमचा. त्यानेच खायची, त्यानेच ढवळायची, आणि पातेल्याच्या तळाला लागलेलं त्यानेच खरवडून काढायची. हे चांदीचं काम आहे, खरवडायचं अवजार नव्हे, असं ते सांगत. ती ऐकून घ्यायची आणि खरवडत राहायची.

ती डावखुरी होती. चमचा उजव्या हाताने वापरला की टोकाला डावीकडून झिजतो, कारण पातेल्याला तीच कड घासते. चमचेवाल्यांच्या हाताखालून उभ्या जन्मात जे झिजलेले चमचे गेले ते जवळजवळ सगळे डावीकडून झिजलेले. तिचा मात्र उजवीकडून. चांदी कधीच उडून गेली होती, खालचा पिवळा धातू दिसत होता, आणि टोक उजव्या बाजूला असं तिरकं उतरलं होतं, की अंधारात नुसतं बोट फिरवलं तरी कळावं, हा तिचा.

ज्या उस्तादाकडे ते काम शिकले तो कामापेक्षा गोष्टी जास्त सांगायचा. पहिला चमचा म्हणजे शिंपला. मग कोणीतरी त्याला काडी बांधली. मग लाकडाचे आले, शिंगाचे आले, चांदीचे तर फार पुढे. सुरी पूर्वी टोकदारच असायची, तिनेच कापायचं आणि तिनेच टोचून तोंडात घालायचं. काटा सगळ्यात शेवटी आला, आणि आला तेव्हा लोक त्याला हसले, की देवाने बोटं दिली असताना हे कशाला. या गोष्टी चमचेवाले घरी येऊन जेवताना बायकोला सांगत. काट्याचं ऐकून ती म्हणाली होती, म्हणजे काटा घरातलं शेंडेफळ, म्हणूनच सगळ्यांना टोचतो.

तिला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेगळी होती. दूर देशांत एके काळी माणूस जेवायला जाताना आपला चमचा बरोबर घेऊन जाई. यजमान अन्न देणार, चमचा ज्याचा त्याने आणायचा. मग ते कुठे लग्नकार्याला निघाले की ती दारातून विचारायची, "अहो, चमचा घेतलात ना कमरेला?"

शेवटच्या दुखण्यात तिचा हात चालेना, तेव्हा त्यांनी तिला त्याच चमच्याने भरवलं. पण भरवणारा हात उजवा, आणि झीज डाव्या हाताची. चमचा तिच्या ओठाला उलट्या बाजूने लागायचा, सूप तोंडाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळायचं. ते पुसत आणि पुन्हा भरवत. दुसरा चमचा घेतला तर ती तोंड मिटून घ्यायची. एकदा म्हणाली, "इतकी वर्षं चमच्यांत घालवली, आणि साधं भरवता येईना." त्यानंतर ती फारसं बोललीच नाही.

ती गेल्यावर तिचे कपडे मुलीने आवरून वाटून टाकले, औषधं परत केली. चमच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. चमचेवाल्यांनी तो डब्यात घातला आणि रोज कारखान्यात न्यायला सुरुवात केली. ते त्याने जेवत नसत. उजव्या हाताने रोज जेवलं तर दुसरी कड झिजायला लागेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. झिजायला वर्षं लागली असती, पण त्यांना त्यातलं कणभरही नको होतं. पॉलिशही करत नसत, कारण पॉलिश म्हणजे धातू काढणंच. डबा उघडायचा, चमचा झाकणावर ठेवायचा, साध्या चमच्याने जेवायचं, आणि तो पुन्हा डब्यात. एवढं झालं की दिवस ढकलता येत होता.

कारखान्यात त्यांचा एक भागीदार होता. वयाने लहान, हाताने तयार, तोंडाने गोड. काम त्याला चमचेवाल्यांनीच शिकवलं होतं, आणि शिकवताना एक नियम डोक्यात भरवला होता. झिजलेला चमचा हाताला लागला की तो नीट केल्याशिवाय खाली ठेवायचा नाही. भर घालून टोक गोल करायचं, दोन्ही कडा सारख्या करायच्या, मगच मुलाम्याच्या टाकीत सोडायचा. झिजल्या टोकावर नुसती चांदी चढवतात ते लबाड, असं ते म्हणत.

एके दिवशी माल पोहोचवायला ते दूरच्या हॉटेलात गेले. डबा कारखान्यातच राहिला. परत आले तेव्हा भागीदार दारातच उभा होता, हात पाठीमागे, चेहरा फुललेला. त्याने मऊ फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलं.

"दादा, वहिनींची आठवण आहे ना, म्हटलं अशी झिजकी कशाला बाळगायची. नीट करून दिली."

चमचेवाल्यांनी फडकं उलगडलं. चमचा नव्यासारखा झाला होता. टोकाला चांदीचा डाख वितळवून भर घातली होती, कानशीने घासून गोलाई आणली होती, दोन्ही कडा अगदी सारख्या. वर मुलामाही दोनदा चढवलेला दिसत होता. काम इतकं सफाईचं होतं की जोड शोधून सापडेना. बोट फिरवलं, तर हा कोणाचा चमचा आहे ते कळेना.

भागीदार वाट बघत होता. त्याला काय सांगायचं? त्याने जे केलं ते त्यांनीच शिकवलं होतं, आणि त्याच्याही पलीकडे जीव ओतून केलं होतं.

"छान केलंस," चमचेवाले म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी चमचा टेबलावर ठेवला आणि समोर बसून राहिले. भूक नव्हती. चमच्यात दिवा दिसत होता आणि त्यांचा स्वतःचा चेहरा उलटा दिसत होता. तिच्या हयातीत त्या चमच्यात कधी काही दिसलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी घरातली बारीक कानस काढली. झीज कशी होती हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. कुठे सुरू व्हायची, कुठे खोल जायची, कड कुठे पातळ होऊन धारेला यायची. ते खिडकीशी बसून घासत राहिले. भर निघाली, चांदी निघाली, खालचा पिवळा धातू वर आला. जुन्या भांड्यांत नवा जोड मिसळून जावा म्हणून जे काळं पाणी वापरतात ते लावून त्यांनी झळाळी मारली, मग चिंधीने हळूहळू पुसून जिथे बोटं लागायची तिथे थोडी उजळवली. दुपारपर्यंत चमचा पूर्वीसारखा झाला.

अगदी पूर्वीसारखा. त्यांनी डोळे मिटून बोट फिरवलं. उजवीकडे तेच तिरकं टोक. चूक काढायला जागा नव्हती, आणि चूक काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

मग त्यांना रडू आलं. चमचा हुबेहूब होता आणि त्यात तिचं काही नव्हतं. जी झीज तिने रोज थोडी थोडी, पातेली खरवडत, त्यांच्याशी बोलत, कधी रागावून न बोलता केली होती, ती पुसली गेली होती. आता तिथे त्यांच्या कानशीची एका सकाळची कारागिरी होती. हॉटेलांच्या मालासारखीच.

त्याच वेळी दार वाजलं. मुलगी आली होती, सुट्टीची म्हणून. बाबा काही खाल्लं का, कपडे अजून खुर्चीवरच का, असं विचारत ती आत आली आणि टेबलाशी थांबली.

"आईचा चमचा," ती म्हणाली.

तिने तो उचलला. लहानपणी आई त्याच चमच्याने भरवायची तेव्हा ती पातळ कड तिच्या ओठाच्या कोपऱ्याला टोचायची, ती भोकाड पसरायची, आणि आई म्हणायची, टोचतं ते खऱ्या चांदीचं असतं. हे सगळं ती बोलत होती, आणि बोलता बोलता तिने रिकामा चमचा ओठांना लावला. तिचे डोळे भरून आले.

"अजून तस्साच टोचतो, बाबा."

सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. पण तिचा चेहरा चमचेवाल्यांनी वर्षभरात असा पाहिला नव्हता. तिला आई सापडली होती, आणि ती खोटी आहे असं त्यांनी म्हणायचं होतं. त्यांच्याने ते झालं नाही.

जाताना तिने चाचरत विचारलं, की हा मी नेला तर चालेल का, तुमच्याकडे तिचं सगळं घर आहेच. नाही म्हणायला त्यांच्याकडे काही कारण उरलं नव्हतं. त्यांनी तो फडक्यात गुंडाळून दिला. भागीदाराचंच फडकं.

संध्याकाळी तिचा फोन आला. आईच्या चमच्याने जेवले, म्हणाली. खूप दिवसांनी नीट जेवले.

"जपून वापर," चमचेवाले म्हणाले. "कड पातळ आहे."

फोन ठेवून त्यांनी सूप गरम केलं आणि टेबलाचा खण उघडला. आत होते ते सगळे चमचे डावीकडून झिजलेले होते. त्यांच्याच उजव्या हाताचे. त्यांनी खण लावून टाकला. सूप तसंच पातेल्यात गार होऊ दिलं, आणि मग सिंकमध्ये ओतलं.