एक्केचाळीस पत्रं आणि एक बाही

डॉक्टर म्हणाले, निवृत्तीनंतर माणसाला एखादं वेड हवं. मी म्हटलं, काळजी नसावी, ते मला नोकरीत असल्यापासूनच आहे. जुन्या काळच्या नट-नट्यांनी चाहत्यांना स्वतःच्या हातानं लिहिलेली पत्रं मी जमवतो. एक्केचाळीस जमली आहेत. ती हॉलमधल्या मोठ्या कपाटात राहतात. आम्हा दोघांचे कपडे एका पेटीत गुण्यागोविंदानं नांदतात.

बेचाळिसावं पत्रही आमच्याच घरात आहे, पण ते माझं नाही. बायको सोळा वर्षांची असताना पडद्यावरच्या एका देखण्या नायकानं तिला ते पाठवलं. ते तिच्या शिवणाच्या डब्यात तळाशी असतं. लग्नाला अडतीस वर्षं झाली, मला त्याचं पाकीटही दिसलेलं नाही.

"अगं, निदान तारीख तरी सांग."

"तुम्ही तुमची एक्केचाळीस सांभाळा," असं म्हणून ती सुया उचलते. विणकाम हा तिचा एकमेव कच्चा विषय. दर हिवाळ्यात ती मला स्वेटर करते आणि दर हिवाळ्यात डावी बाही लांब होते. मी ती दुमडतो आणि संसार करतो.

यंदा वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी माझ्या पत्रांचं प्रदर्शन ठरवलं. रविवारी सकाळी दहाला. आमंत्रणपत्रिकेवर मी 'अस्सल हस्ताक्षरं' असं जाड टायपात छापून घेतलं आणि खाली रडक्या भूमिकांच्या सम्राज्ञीच्या पत्राचा फोटो दिला. त्या पत्रावर अश्रूचा डाग आहे. त्या डागावर मी वीस मिनिटं बोलू शकतो. बोलतोही.

गुरुवारी बेल वाजली. दारात ऐंशीच्या घरातले एक टापटीप गृहस्थ, हातात आमंत्रणपत्रिका.

"हे अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "आणि तो डाग चहाचा आहे."

ते एका जुन्या सिनेमा स्टुडिओच्या पत्रोत्तर खात्यात कारकून होते. खातं म्हणजे ते आणि एक टेबल. अकरा कलावंतांना येणाऱ्या पत्रांची उत्तरं ते एकटे लिहीत, अकरा वेगवेगळ्या अक्षरांत. मी कपाट उघडलं. त्यांनी हरवलेली नातवंडं भेटावीत तशी पत्रं हातात घेतली.

"हे माझं. हेही माझं. खलनायकाला मुद्दाम मोत्यासारखं अक्षर दिलं, साहेब. त्याच्या आईला वाईट वाटू नये म्हणून. विनोदी नटाला समास सोडू दिला नाही. आणि हे... हेही माझंच, पण त्या दिवशी मला ताप होता."

एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस. जन्मभर वर्तमानपत्राच्या विनोदी सदरात लोकांची टोपी उडवून मी पोट भरलं. आता अख्खं गाव रविवारी दहा वाजता माझी उडवायला येणार होतं. तीही माझ्याच आमंत्रणावरून.

बायको इतकी हसली की लोकरीचा गुंडा सोफ्याखाली गेला.

"हस," मी म्हणालो. "तुझंही त्याच टेबलावरचं असणार."

हसू थांबलं. तिनं डबा जवळ ओढला, बटणं, फिती, कात्री बाजूला केली आणि एक चौघडी घातलेला कागद कारकुनांपुढे धरला. माझी एक्केचाळीस गेली त्याचं मला काहीच वाटेना. हे एक तेवढं त्यांचं नसू दे, असं मी मनात घोकू लागलो.

कारकुनांनी कागद उजेडात धरला. "वहिनी, तुम्ही नुसतं पत्र पाठवलं होतंत की सोबत काही होतं?"

"स्वेटर होता. मीच विणलेला. पहिलाच."

"मग माझा संबंध नाही! पत्र आलं की माझ्या टेबलावर, पार्सल आलं की थेट बंगल्यावर. पार्सलाचे आभार ज्याचे त्यानं मानायचे, असा मालकांचा नियम. आणि इतकं गचाळ अक्षर मी नायकाला दिलं असतं का?"

"अस्सल?" मी ओरडलो.

"शंभर टक्के."

बायकोनं कागद माझ्या हातात दिला. अडतीस वर्षांनी. त्यात एवढंच होतं: 'स्वेटर मिळाला. डावी बाही चार बोटं लांब आहे. माझा डावा हातही तेवढाच लांब आहे. कॅमेरामन सोडून हे कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला कसं कळलं? यापुढे माप बदलू नका.'

मी सावकाश माझ्या दुमडलेल्या बाहीकडे पाहिलं.

"म्हणजे तुला विणता येतं?"

"उत्तम येतं," ती म्हणाली. "पण शब्द म्हणजे शब्द."

रविवारी पाटी बदलली: 'अकरा कलावंतांची एक्केचाळीस पत्रं, एकाच अस्सल हातची.' टोपी उडवायला आलेले लोक कारकुनांपुढे रांग लावून उभे राहिले. ज्याला त्याला आपल्या लाडक्या नट-नटीकडून दोन ओळी हव्या होत्या. एका आजीबाईंनी खलनायकाकडून तिसऱ्यांदा लिहून घेतलं. कारकून अकरा अक्षरांत घामाघूम झाले.

बेचाळिसावं पत्र मधल्या काचेत होतं. बायकोची एकच अट होती, शेजारी स्वेटर हवा. मी शेजारी उभा होतो, बाही न दुमडता.

ग्रंथपालबाईंनी विचारलं, "हे इथे का उभे?"

"स्वेटर टांगायला काहीतरी हवं होतं," बायको म्हणाली आणि माझ्या बोटांवरून लोंबणारी ती चार बोटं लोकर हलक्या हातानं सारखी केली.