उड्यांची चाचणी

त्या सकाळी नव्या स्टेडियमच्या वरच्या स्टँडवर दोनशे माणसं उभी होती, आणि सगळी ते बांधणारीच. गवंडी, वेल्डर, रंगारी, दोन वॉचमनसुद्धा. भोंग्यातून टकटक सुरू झाली की तालावर उड्या मारायच्या, एवढंच काम. प्रेक्षक बेभान झाले तर स्टँड किती हलेल, ते उद्घाटनाआधी पाहायचं होतं.

“जन्मभर उड्या मारतो म्हणून बोलणी खाल्ली,” एक रंगारी ओरडला, “आज त्याचाच पगार!”

खाली स्टँडचं हलणं मोजणाऱ्या मीटरपाशी बसलेल्या डिझायनरला हसू आलं नाही. स्टँड तिचा होता. पाडलेल्या कारखान्याचे जुने लोखंडी गर्डर, नेहमीच्या निम्मं सिमेंट, छतावरचं पाणी साठवून मैदानातल्या गवताला. बघायला पाहुणे आतापासूनच येत होते. गर्डर निवडले होते तिच्या बाबांनी. चाळीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस; हातोडी मारायचा, कान लावायचा आणि सांगायचा, “हा चालेल, हा भंगारात.”

शेजारी साइट मॅनेजर घड्याळ बघत उभा होता. कामगार त्याला पाठीमागे ‘घाईसाहेब’ म्हणत. पहिला सामना अकरा दिवसांवर आला होता.

पहिला, संथ ताल झाला. मीटरवर तीन मिलिमीटर. दहापर्यंत चालणार होतं.

“झालं की मग,” घाईसाहेब म्हणाला.

“अजून जलद ताल बाकी आहे.”

भोंगा पुन्हा वाजू लागला. आकडा चारवर गेला, मग पाचवर. एका जागी थांबायला हवा होता, पण थांबेना. साडेसहा. तिने मान वर केली, आणि डाव्या टोकाला, अगदी पुढच्या रांगेत, नाडीने बांधलेला चष्मा तिला दिसला. बाबा! घरी थांबा म्हणून बजावलं होतं. आणि ते पोरासोरांबरोबर उड्या मारत होते.

साडेसात. आठ.

तिने शिट्टी फुंकली. भोंगा बंद झाला, तरी टोक आणखी दोन-तीन झोके खाऊनच थांबलं. वरचा हशा एकदम विरला.

“आठलाच थांबवलंत?” घाईसाहेबाचा चेहरा लाल झाला. “मर्यादा दहा आहे, मॅडम. वडील दिसले नसते तर वाजवली असती शिट्टी?”

खरं काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

“त्यांना उतरवा आणि पुन्हा घ्या,” तो म्हणाला.

“म्हणजे माझा बाप खाली, आणि दुसऱ्यांचे बाप वर?”

“मग काय करू? सामना पुढे ढकलू? माझं डोकं ठिकाणावर आहे अजून!”

“सगळ्यांना उतरवा. फक्त तीस जण घेऊ, मधल्या भागात. तीस जणांनी काही पडत नाही. पण आकडा थांबतो की चढत जातो, ते कळेल. चढत गेला तर दहावरही थांबायचा नाही.”

माणसं उतरली. बाबा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. तीस जणांनी तोच ताल धरला. एक. दीड. दोन. सव्वादोन. अडीच. थांबतच नव्हता.

“गर्डर माझे खोटे निघाले का गं?” बाबांनी हळूच विचारलं.

तिने नकाशे उघडले. डाव्या टोकाला स्टँड शेजारच्या रॅम्पला जखडलेला, असं धरून तिने तिथले दोन खांब वगळले होते. तेवढंच लोखंड वाचलं होतं, कौतुकही झालं होतं. पुढे रॅम्प वेगळा केला, मधे दोन बोटांची फट ठेवली. त्या बदलाच्या कागदावर सही तिचीच. हिशोब मात्र जुनाच राहिला होता; टोक आधाराविना लटकत होतं.

तिला वाटलं, नकाशा गुंडाळावा. घाईसाहेबाला तर आठ हा आकडा पुरत होता.

“नाही बाबा. गर्डर खणखणीत आहेत,” ती म्हणाली आणि घाईसाहेबाकडे वळली. “चूक माझी आहे. इथे दोन खांब हवेत. तोपर्यंत या स्टँडवर कुणी चढायचं नाही. आजच लिहून देते.”

त्याने खिशातून फोन काढला आणि लांब जाऊन, पाठमोरा उभा राहून बोलू लागला.

सामना सात आठवडे पुढे गेला. चौकशी झाली, तिला बरंच ऐकून घ्यावं लागलं, आणि पुढच्या कामाच्या यादीतून तिचं नाव गळलं. खांब उभे राहिल्यावर चारशे माणसांनी उड्या मारल्या. आकडा साडेतीनवर गेला आणि तिथेच बसला. घाईसाहेबाने तो दोनदा वाचला, वहीत लिहिला आणि तिच्यापुढे चहाचा कप सरकवला.

त्या खांबांमुळे खालच्या बेचाळीस खुर्च्यांवरून एक गोलपोस्ट दिसत नाही. पहिल्या सामन्याला ती आणि बाबा त्यातल्याच दोन खुर्च्यांवर बसले. मागचा माणूस अख्खा वेळ करवादत होता, “हा खांब इथे घालणारा कोण शहाणा?”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती मागे वळली.

“मीच,” म्हणाली. “आधी विसरले होते.”